दोघींची शिरेल

आशाबाईनं सह्यांचा कागद मोतीराम केबलवाल्याच्या टेबलावर आपटला, तेव्हा तो वायरीला चिकटपट्टी गुंडाळत बसला होता.

"बावीस सह्या हायेत," ती म्हणाली. "सोमवारपासून ती शिरेल बंद कर."

ती शिरेल म्हणजे दोघींची शिरेल. मुंबईहून कॅसेटी यायच्या, आणि मोतीराम दुपारी दोनला व्हीसीआरवर चढवून घरोघरच्या टीव्हीवर सोडायचा. मग मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. त्यात दोन बाया एकमेकींवर जीव टाकायच्या, आपापल्या नवऱ्यांपासून चोरून. गल्लीतल्या बाया "शी बाई, काय ही थेरं" म्हणत तोंडाला पदर लावायच्या आणि पदराच्या वरून डोळे फाडून बघायच्या.

नाक मुरडण्यात आशाबाई सगळ्यांच्या पुढं. नळावर ती एकेक भाग कांद्यासारखा सोलायची. म्हणे, चोरून भेटतात आणि खिडकीचा पडदा सताड उघडा! भर मांडवात एकमेकींकडं टक लावून बसतात, जसे काय बाकीच्या वऱ्हाडाचे डोळे फुटलेत. लिपस्टिक फासून कुणी चोरी करतं व्हय? लिहिणाऱ्याला अक्कल वाटताना देव बहुतेक जेवायला गेला होता. बाया पोट धरधरून हसायच्या.

हसण्यावारी होतं तोवर ठीक होतं. पण शिरेलनं गल्लीची नजर बिघडवली. मनकर्णाबाईकडं पाचोडच्या दोन पोरी भाड्यानं राहायच्या, नर्सिंग शिकायच्या. एका गोधडीत झोपतात म्हणून मनकर्णाबाईनं त्यांना आठ दिवसांत खोली खाली करायला लावली. ऐन डिसेंबरात. गरीब पोरी, गोधडीच मुळात एक होती. पुढं जावा-जावा हातात हात घालून बाजाराला निघाल्या तरी मागं खसखस पिकायला लागली.

आशाबाई दारोदार सांगत फिरली, आज त्या पोरी गेल्या, उद्या कुणावर बोट जाईल सांगता येत नाय. प्रत्येकीला आपली बहीण नाहीतर मैत्रीण आठवली, आणि प्रत्येकीनं सही केली.

मोतीरामनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत सरकवला.

"वहिनी, ह्या समद्या नळाच्या अलीकडच्या. पलीकडची एक नाय. एका बाजूचं ऐकून बंद केली तर दुसरी बाजू म्हनंल, पुन्हा नामांतर सुरू झालं. माझ्या वायरी दोन्हीकडच्या पत्र्यांवरून जातात." त्यानं पट्टी दातानं तोडली. "सारजाबाईची सही आना. तिनं केली की तिकडच्या आपोआप करतील."

आशाबाईच्या मागं येऊन मोतीरामच्या टपरीबाहेर थांबलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सारजाबाईची सही म्हणजे रेड्याचं दूध.

विद्यापीठाच्या नावावरून गल्ली दुभंगली, तेव्हा आशाबाईचा नवरा पुंजाराम नामांतराच्या विरोधात होता आणि सारजाबाईचा मल्हारराव मोर्चात पुढं. दोघं वाळूजच्या एकाच कंपनीत, एकाच बसनं जाणारे, पण एक या खिडकीला, दुसरा त्या खिडकीला. नामांतर होऊन वर्ष होत आलं, पुरुष थंडावले, बायकांचं मात्र विळ्या-भोपळ्याचं सख्य चालूच. नळावर एकीची घागर दिसली की दुसरी तोंड सोडायची. गल्लीला त्याचं नवल नव्हतं. नामांतरात फाटलेलं शिवलं जात नसतं, असं सगळे धरूनच चालले होते.

त्यात सारजाबाई शिरेलची उघड चाहती. त्या दोघींनी कुणाच्या ताटातली भाकर ओढली, असं ती चारचौघींत विचारायची, आणि आशाबाई तिच्या नावानं थुंकायची.

तरी आशाबाई निघाली. मागं अर्धी गल्ली. मनकर्णाबाई तर कणीक मळता मळता तशीच आली, हाताला पीठ. सारजाबाई घरात एकटीच होती. आशाबाई आत शिरली आणि तिनं कडी लावून घेतली.

बाहेर बाया दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

"माझ्या उंबऱ्यात पाय टाकायची हिंमत कशी झाली तुझी?" आतून सारजाबाईचा आवाज आला. ताट आपटल्याचा खणखणाट झाला. "सही पायजे? तुझ्या मयताच्या कागदावर करीन."

"आज एकीच्या झिंज्या दुसरीच्या हातात येनार," मनकर्णाबाई समाधानानं म्हणाली.

आत आशाबाई भिंतीला टेकून उभी होती. हातातला कागद तिनं सारजाबाईपुढं धरला.

"सही कर," ती कुजबुजली. "मनकर्णा घराघरातल्या गोधड्या मोजायला लागलीय. मला लई भ्या वाटतं."

सारजाबाईनं दाराकडं तोंड करून एक ठेवणीतली शिवी हासडली. मग आशाबाईच्या गळ्यात दोन्ही हात टाकून तिच्या मानेत तोंड खुपसलं.

"करते," ती म्हणाली. "पन शेवटी त्या दोघींचं काय होतं, तेवढं तरी बघू दे ना गं."