आण्णांचा हात

गॅस कटर पेटला आणि रशिदा आडवी आली.

"थांबा की वो! बाकी काय कापायचं ते कापा. ह्यो उजवा हात तेवढा मला द्या."

कळंब्याच्या गोदामाच्या आवारात माजी मंत्री आकारामआण्णा उताणे पडले होते, म्हणजे त्यांचा ब्राँझचा पुतळा. कटरवाल्या कृष्णातनं ज्योत विझवली आणि विजयसिंहांकडं पाहिलं. विजयसिंह आण्णांचे नातू आणि पुतळा समितीचे अध्यक्ष. हा पुतळा वितळवून, त्यात भर घालून वीस फुटी नवा ओतायचा, हा ठराव त्यांचाच. आजोबांना आपण मोठं करतोय, असं ते दोन महिने स्वतःला समजावत होते.

तशा या पुतळ्याइतक्या बदल्या एखाद्या मामलेदाराच्याही झाल्या नसतील. आधी राजारामपुरीतल्या चौकात. रस्ता रुंद झाला तसा नदीकडच्या बागेत. तिथं दर निवडणुकीला तोंडावर कापड. एकदा तर निकाल लागून चार महिने झाले, तरी ते सोडायचं कुणाला सुचलं नाही. मग महापुरात आण्णा आठ दिवस छातीभर पाण्यात उभे राहिले आणि शेवटी या गोदामात आले. जिथं पुतळा, तिथं ही बाई दर शुक्रवारी यायची. पदरानं त्याचा हात पुसायची आणि निघून जायची. बागेतला माळी तिला 'आण्णांची भक्त' म्हणायचा. विजयसिंहांना तिचं फार कौतुक होतं.

आज मात्र त्यांचा पारा चढला. "मावशी, आण्णांचा हात तोडून घरात ठेवणार? लोक काय म्हणतील?"

"ह्यो आण्णांचा हात न्हाय," रशिदा म्हणाली. "माझ्या मालकांचा हाय."

कृष्णात हसला. ती हसली नाही. गुडघे धरत खाली बसली आणि पुतळ्याच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. नखाला मधोमध भेग होती.

"आण्णा गेल्यावर पुतळा करायला घेतला, तवा कारखान्यात निस्ता तोंडाचा फोटू आलता. हात कुणाचा बघून करायचा? आमचं मालक तिथंच भट्टीवर हुतं. मूर्तिकार म्हणालं, नबीलाल, बस म्होरं. आठ दिस हात फुडं करून बसलं. साच्याखाली अंगठा चेचलेला, ती भेग बी तशीच उतरली बघा." तिनं पदरानं नख पुसलं. "ते जाऊन तीस वरसं झाली. एकच फोटू हुता, त्यो पुरात गेला. आता ह्येवढंच राह्यलंय."

विजयसिंह तिच्याशेजारी मातीत बसले. ती भेग त्यांना नवी नव्हती. ते जन्मले तेव्हा आण्णांना जाऊन सात वर्षं झाली होती. दर जयंतीला वडील त्यांना बागेत नेऊन उचलायचे, त्या हाताखाली डोकं धरायचे आणि म्हणायचे, "आजोबांचा आशीर्वाद घे." उन्हात तापलेला तळवा टाळूला उबदार लागायचा. दहावीच्या निकालादिवशी, लग्नाआधी आणि वडील गेले त्या आठवड्यात ते एकटेच तिथं जाऊन उभे राहिले होते. आजोबांचा चेहरा उंच होता. जवळचा होता तो हात. अंगठ्याला काय झालं होतं, हे वडिलांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"साहेब, पेटवू?" कृष्णातनं विचारलं.

"कटर गुंडाळ. नवा पुतळा नव्या धातूत होईल. हा बागेत न्यायचा, होता तसा."

कृष्णात नळी गुंडाळायला लागला. रशिदा अजून हात धरूनच होती, कुणी नेईल या भीतीनं. विजयसिंहांनी वाकून त्या तळव्याला कपाळ टेकलं. मग तिच्याकडं वळले.

"आज्जी," अंगठ्याच्या भेगेवर बोट ठेवून ते म्हणाले, "आमचं आजोबा कसं हुतं, सांगा की."