अप्पांचा पाचवा प्लेअर

“हा प्लेअर बी न्हाई चालला, अप्पा,” वीरेश स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. “फाईल जुन्या पद्धतीची हाय. नवी विंडोज तिला वळखत न्हाई.”

गुरुपादप्पा टोपी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. “मागल्या सोमवारी तर अँटीव्हायरसनं अडवली म्हणलास.”

“तो बदलला की. आता प्लेअर अडून बसलाय.”

“बरं. मग पाचवा टाकून बघ बाबा. घाई न्हाई.”

ह्या ‘घाई न्हाई’नंच वीरेशचा जीव जायचा. म्हाताऱ्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं!

उदगीरला वीरेशचं कॉम्प्युटरचं दुकान बारा वर्षांचं. नवी विंडोज टाकताना सी ड्राइव्ह पुसायचा, डीला हात लावायचा नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नेम. लोक आपलं किडूकमिडूक सगळं डीमध्येच ठेवतात. पण आठ महिन्यांपूर्वी अप्पांचं मशीन आलं ते व्हायरसनं पार किडलेलं. त्यात दुकानात गर्दी. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, पठ्ठ्यानं न विचारता सी, डी, सगळं एका झटक्यात साफ केलं.

संध्याकाळी अप्पा आले आणि म्हणाले, “डीमध्ये आमच्या शिवगंगाचा व्हिडिओ होता. जायच्या आधी तिनं मंगलारती म्हणलेली. तिचा आवाज तेवढाच उरलाय.”

वीरेशच्या पायाखालची जमीनच सरकली. बायको गेलेल्या माणसाला काय सांगायचं? तोंडातून निघून गेलं, “हाय की अप्पा. फक्त नव्या विंडोजला चालणारा प्लेअर शोधावा लागंल. मशीन राहू द्या इथंच.”

झालं! एका खोट्याला दहा टेकू लावायची पाळी आली. पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर त्यानं तीनदा चालवलं. घरभरणीचे फोटो परत आले, मंजुश्रीच्या, म्हणजे अप्पांच्या लेकीच्या, लग्नाचे आले. मंगलारती तेवढी आली नाही. मग कधी अँटीव्हायरसवर ढकल, कधी प्लेअरवर. अप्पा आपले दर सोमवारी देवदर्शन करून येत, त्याच्या हातावर प्रसाद ठेवत आणि गुमान बसत. तो प्रसाद वीरेशच्या घशाखाली उतरत नसे.

“उद्या वर्ष होतंय शिवगंगाला जाऊन,” अप्पा म्हणाले. “मंजू बेंगलोरहून येतेय.”

आता मात्र वीरेशला राहवेना. त्यानं माऊस बाजूला सारला आणि उठून अप्पांचे पाय धरले.

“अप्पा, फाईल न्हाई. पहिल्याच दिवशी माझ्या हातानं पुसली गेली. आठ महिने तुम्हाला फसवत राहिलो. मंजूताईला मीच सांगतो. आईचा आवाज मी घालवला, मला काय बोलायचं ते बोलू द्या!”

अप्पांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

“तिला नको सांगू. तिला ठावं हाय. दुकानात पुसलं गेलं म्हणून मी फोनवर कधीच सांगितलंय.”

“कधी?”

“मशीन तुझ्याकडं आणायच्या आदल्या दिवशी.”

वीरेशला काही कळेना.

“मला वाटलं, तू बी ‘पुसलं गेलं’ म्हणशील; तू तर ‘हाय’ म्हणालास. दर सोमवारी खरं सांगायला येत होतो, लेकरा. तोंड उघडत नव्हतं.” अप्पांनी डोळ्याला उपरणं लावलं. “मंजूनं बजावलं होतं, आईचा आवाज धरून ठेवा. शिवगंगानं दमत दमत सगळी आरती म्हणली. मी मोबाईल धरून तिच्यासमोर उभा. आणि बटन दाबायचंच राहिलं.”