उभं पीक

धर्माजीचं शेत खाडीत गेलं. पण असलं काही झालंच नाही असं धरून तो रोज सकाळी फावडं खांद्यावर टाकून बांधावर जायचा आणि उन्हं चढली की परत यायचा.

बांध फुटला तेव्हापासून भाताच्या जागी खारफुटीची तिवरं उगवली होती, तीही माणसाच्या उंचीची. ती तोडायला सरकारची बंदी. आज तलाठी मोबाईल घेऊन पीकपाहणीला आले होते. फोटोत पीक दिसलं तरच बांधाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पुढं जाणार होता. बांध दुरुस्त झाल्याशिवाय पीक दिसणार नव्हतं. आणि पीक दिसलं नाही तर जमीन सातबाऱ्यावर पडीक लागणार होती.

"भाऊसाहेब, भात लिवा," धर्माजी म्हणाला.

"कुठंय भात?"

"खाली हाय. पान्यात."

तलाठ्यांनी पाण्यात पाहिलं. एक निवटी, चिखलातली मासळी, डोळे वर काढून त्यांच्याकडं पाहत होती.

धर्माजीची लेक क्रांती मुद्दाम रजा टाकून आली होती. खाडीपलीकडच्या जेटीवर परदेशी कोळसा उतरतो, तिथल्या लॅबमध्ये ती तो तपासायची. तिनं चिखलाचा गोळा उचलून बापाच्या नाकाशी धरला. नासक्या अंड्यांचा वास आला.

"हे गंधक, बाबा. परवा एका बोटीतल्या कोळशात असंच भरमसाट निघालं. भिंगाखाली पिवळे कण नुसते चमकत होते. असा कोळसा दिसला की ओळखायचं, हा जिथं तयार झाला तिथं भरतीचं पाणी शिरत होतं. अशीच झाडं, असाच चिखल. गोड्या पाण्याच्या दलदलीतला असता तर गंधक एवढं नसतं."

"म्हंजे तिथं पन कुनाचा बांध फुटला व्हता?"

"तेव्हा माणूसच नव्हता."

"अरारा! मंग दुरुस्तीचा अर्ज कोन करनार?" धर्माजी मनापासून हळहळला. मग म्हणाला, "आपल्या चिखलाचा पन कोळसा व्हईल?"

"गाडला गेला, दाबला गेला तर होईल की. पण पाच-सहा कोटी वर्षं धरा. आणि गंधकामुळं भाव पडेल."

"पडू दे. भाताला तरी कुठं व्हता?"

बांध फुटल्यापासून पहिल्यांदाच त्यानं फावडं खाली ठेवलं.

"भाऊसाहेब, एक कोरा कागद द्या."

बापानं सांगितलं, लेकीनं लिहिलं. जमीन पडीक नसून तीत कोळशाचं पीक उभं आहे, सबब तशी नोंद घेऊन बांध दुरुस्त करून मिळावा. तलाठ्यांनी अर्ज दोनदा वाचला. तिवर तोडायला बंदी होती, अर्ज घ्यायला नव्हती.

"काढणीचा महिना लिहायचा राहिला," ते म्हणाले.

धर्माजीनं क्षणभर विचार केला आणि शेवटचं वाक्य सांगितलं:

"सदर पिकाच्या काढणीस अंदाजे सहा कोटी वर्षे लागणार असल्याने, तोपर्यंत अर्जदारास हयात समजण्यात यावे, ही नम्र विनंती."