छप्पर राहिलेलं घर

"खेळ रे राजा, उजेड आहे तोवर खेळ. अभ्यास काय कुठं पळून जातोय!"

आईचा आवाज इतक्या वर्षांनीही घड्याळजीच्या कानात तसाच होता. तेव्हाचे दिवस वेगळे, असं स्वतःला बजावत तो स्टुलावर चढला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा अलगद दहा मिनिटं पुढे सारला.

लेकीची पाठ त्याच्याकडे होती. कोपऱ्यात फरशीवर घड्याळांच्या रिकाम्या डब्यांचं घर ती रचत होती. बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं होतं, पोरीला घरी जरा मोकळं खेळू द्या. त्याने वेळापत्रकात लिहिलंही होतं: साडेपाच ते सहा, खेळ. फक्त रोज त्यातली दहा मिनिटं तो गणिताकडे वळवायचा आणि जेवणं झाली की काटा गुपचूप जागेवर आणायचा. कोणाला पत्ता नव्हता.

"सहा वाजले, माऊ. चल, वही काढ."

"आज पण छप्पर राहिलं," लेक पुटपुटली.

तेवढ्यात पोस्टमन आत आला. पत्र ठेवता ठेवता त्याने भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

"घ्या! आमचं दहा मिनिटं मागे." त्याने तिथंच आपलं घड्याळ पुढे केलं. "तुमच्या घड्याळाला काय बोलायचं घड्याळजी, सूर्यसुद्धा तुम्हाला विचारून मावळत असेल!"

घड्याळजी हसला. हसू ओठांवरच वाळलं. पोस्टमन चुकीची वेळ मनगटाला बांधून निघून गेला.

लेक डबे आवरायची थांबली होती.

"बाबा, काकांचं पण मागे पडतं?"

"पडतं कधीकधी."

"माझं रोज पडतं." ती त्याच्या मेजापाशी आली. "शेजारच्या ताईचं अर्ध्या तासात सगळं घर होतं, अंगणासकट. मी किती भरभर करते, तरी छप्पर राहतंच." मग तिने भिंग उचललं, त्याच्या हातात दिलं आणि पुढ्यात ताठ उभी राहिली. "तू सगळ्यांची मागे पडणारी नीट करतोस ना? मला पण बघ ना. आत काहीतरी बिघडलंय."

त्याने भिंग तिच्यासमोर धरलं. काचेतून तिचा एक डोळा दिसत होता, मोठा, पाणावलेला आणि पुरता विश्वासाचा. बापाची मान खाली गेली.

तो उठला. या वेळी लेकीच्या देखत स्टुलावर चढला. काटा दहा मिनिटं मागे आणला. खाली उतरायचा मात्र धीर होईना. भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला,

"तू मागे पडत नाहीस गं माऊ. रोज मीच काटा पुढे ढकलतो."