मृतांची यादी

नवरा गेल्यापासून लोसा सामोआतल्या त्या बिनभिंतींच्या घरात एकटीच राहत असे. एकोणीसशे अठराच्या इन्फ्लुएन्झाने गावेच्या गावे कशी ओस पाडली, यावरचा ग्रंथ तिने केवळ कुतूहलापोटी मागवला होता. ऐकायला कोणी नसल्यामुळे ती मोठ्याने वाचे.

भर दुपारी ऑकलंडहून भाचीचा, मासिनाचा, फोन आला.

"लोक प्रेमकथा वाचतात, मावशी. तू मढी मोजत बसतेस!"

"तुझ्या प्रेमकथा ऐकून विटले म्हणून! नाताळला नक्की येतेस ना? तीन वर्षं झाली तुला बघून. बरं ऐक, ही आपल्या गावातल्या मृतांची यादी."

लोसा चष्मा सावरून वाचू लागली. "सिलिया. पुलेमाऊ. म्हातारे इओआने..."

मासिना हसली. "अगं, सावकाश. प्रत्येकाला 'ओ' तरी देऊ दे."

लोसा थांबली. तिला केवळ समुद्राची गाज ऐकू येत होती. "कोण 'ओ' देतंय?"

"चेष्टा पुरे! केवढी माणसं जमवलीस! त्या खोकणाऱ्याला आधी संत्र्याच्या पानांचा चहा दे बाई."

लोसाने वळून पाहिले. अंथरलेल्या चटयांवर कोणीही नव्हते.

"माझी काळजीच मिटली," मासिना म्हणाली. "घर भरलंय तुझं. मग यंदाही मी आले नाही, तर चालेल ना?"

नाही म्हणण्यासाठी लोसाने तोंड उघडले.

"चालेल," असे तिच्याच आवाजात तिच्या पाठीमागून उत्तर गेले, आणि मासिनाने समाधानाने फोन ठेवला.