लाल ठिपका

चांदीचा मुलामा दिलेल्या जुन्या भांड्यांवरच्या कारागिरांच्या खुणा ओळखण्यात भिंगवाल्या काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, निदान काकांच्या मते तरी. त्यांच्या खुणांच्या कोशाचं शेवटचं प्रूफ आलं, तेव्हा त्यांनी काकूंना समोर बसवून चाळिसावं पान वाचून दाखवलं.

"दांड्याच्या मागे बारीक लाल ठिपका. कारागीर अज्ञात. अत्यंत दुर्मिळ. आजवर फक्त सहा चमचे पाहण्यात आले."

"कुठे पाहिलेत?"

"आपल्याच दुकानात. हातोहात खपले."

काकूंनी कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रुफावर ठेवली.

"घरातली भांडी उचलून तुम्ही दुकानात नेता. आपली कुठली ते कळावं म्हणून मीच ठिपके लावले होते. पाहुणे आले की चमचे का कमी पडतात, ते आज कळलं."

काकांनी भिंग पुसून बाजूला ठेवलं. मग पेन घेऊन त्यांनी 'कारागीर अज्ञात' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'कारागीर हयात असून चिडलेली आहे. चमचे परत करावेत, ही विनंती.'