काचेतली शिंगं

कॉलेजच्या संग्रहालयाच्या दाराशी उकंडाबाबा चपला काढू लागले, तेव्हा संग्रहालय सांभाळणाऱ्या दीपा मॅडमना हसू आलं. "बाबा, हे काही देऊळ नाही. या तसेच."

बाबांनी तरी चपला काढल्याच. बोरी अरबहून यवतमाळपर्यंत एसटीत त्यांनी एकच वाक्य घोकलं होतं, आणि आता ते पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं.

समोर काचेच्या पेटीत शिंगांची जोडी होती. खाली पाटी : 'राजा. वळू. मालक नानाजी, बोरी अरब.' तीस वर्षांपूर्वी ती शिंगं धोतरात गुंडाळून बाबांनीच इथे आणून दिली होती. नानाजींच्या गोठ्यावर तेव्हा ते गडी होते.

राजाचा काय थाट! ढेप खाऊन खाऊन अंगावर नुसती चरबी. पोळ्याला तोरणाखाली पहिला मान त्याचा, बाशिंग बांधायला खुद्द मालकीणबाई इंदूबाई. आसपासच्या गावांतले लोक गाई घेऊन यायचे आणि दोन-दोन दिवस त्याच्यापाशी ठेवायचे. शेजारच्या कुडाआड बाबांचा ढवळ्या बांधलेला असे. एका पायाने लंगडा, म्हणून बिचारा तोरणाखाली कधी गेला नाही. त्याला खच्ची करणं बाबांच्या जिवावर आलं आणि ते राहूनच गेलं. शिवाय दावं तोडण्यात पटाईत.

"तुह्यं लंगडं सांभाळ रे, उकंडा!" नानाजी ओरडायचे.

गावाने मात्र जन्मभर राजाचे उपकार मानले. घरोघरी त्याची वासरं होती.

एका वर्षी पोळा झाला आणि घटसर्पाची साथ आली. आठ दिवसांत दोन्ही जनावरं गेली. राजाची शिंगं कॉलेजला द्यायचं नानाजींनी कबूल केलं होतं. पण पोळ्याला पुजलेल्या जनावराला सुरी कोण लावणार? "तूच पाह्य," म्हणून ते घरात निघून गेले. बाबांनी पाहिलं.

यंदा दीपा मॅडमनी शिंगाच्या आतल्या हाडाची चिमूटभर भुकटी काढली आणि गावातल्या चाळीस गाईंचं रक्त नेलं. वंश जुळला तर या गाई जपायच्या यादीत जाणार, गावात पैदास केंद्र होणार. नाही जुळला तर गावठी म्हणून सोडून देणार. तेव्हाच बाबांनी यवतमाळला यायचं ठरवलं होतं.

"मॅडम, मले एक सांगाचं होतं."

"आधी माझं ऐका. चाळीसपैकी सदतीस गाई याच्याच वंशातल्या निघाल्या!"

बाबांनी काचेकडे बोट केलं. "याच्याच? ह्या शिंगाच्या?"

"दोनदा तपासलं. तुम्ही ही शिंगं आणून दिली नसती तर गावाकडे पुरावाच नव्हता. तुमचे फार उपकार आहेत, बाबा."

"माह्ये कायचे उपकार, मॅडम? त्याचे हायेत." बाबा काचेवर कपाळ टेकवून उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "माफ कर रे बाप्पा. मले कधी समजलंच नाही."

मॅडमनी त्यांना पाणी दिलं. "तुम्हाला काय सांगायचं होतं?"

बाबांनी ग्लास रिकामा करून खाली ठेवला.

"पोळ्याले एक बाशिंग आणलं, इथं काचेपाशी ठेवलं, तं चालन का?"

"राजाला? आणा की. मी स्वतः ठेवीन."

बाबांनी नुसती मान हलवली आणि चपला घातल्या. राजा तर तीस वर्षांपासून नानाजींच्या बांधावर शिंगांसकट पुरलेला होता. ढवळ्याच्या शिंगांना मात्र हे पहिलंच बाशिंग लागणार होतं.